आर्लन स्पेक्टर यांचे पक्षांतर : एका मध्यममार्गी सिनेटरचे प्रकरण

२८ एप्रिल २००९ रोजी पेनसिल्व्हेनियाचे सिनेटर आर्लन स्पेक्टर यांनी आपण रिपब्लिकन पक्ष सोडून डेमोक्रॅटिक पक्षात जात असल्याचे जाहीर केले. वय ७९, सिनेटमधले एकोणतिसावे वर्ष, पाचवी टर्म, आणि पुढच्याच वर्षी निवडणूक. आपण रिपब्लिकनच राहणार, देशात दोन पक्षांचा तोल टिकवायचा तर त्या पक्षात मवाळ माणसे हवीत, असे त्यांनी मार्चमध्ये सांगून झाले होते. त्याही आधी, २००१ साली जिम जेफर्ड्स यांनी रिपब्लिकन पक्ष सोडल्यामुळे सिनेटचे बहुमत फिरले, तेव्हा अशा अधल्यामधल्या पक्षांतराने सत्ता पालटू नये म्हणून नियम करा, असा प्रस्ताव खुद्द स्पेक्टर यांनीच मांडला होता.

एवढे वाचले की निकाल तयारच असतो: खुर्चीसाठी उडी मारली. तो निकाल मला खोटा वाटत नाही, पण त्याने प्रकरण संपत नाही. खुर्ची वाचवण्यासाठी इतके टोक गाठायची वेळ या माणसावर तीस वर्षांत आली नव्हती, ती २००९ मध्येच का आली, हा खरा प्रश्न आहे. माझे उत्तर असे: स्पेक्टर मनाने शेवटपर्यंत सरकारी वकील राहिले. प्रत्येक विधेयक, प्रत्येक नेमणूक ही त्यांच्या लेखी स्वतंत्र फाइल होती. कागद वाचायचे, साक्षीदाराला घोळवायचे आणि त्या फाइलीपुरते मत द्यायचे. पक्ष असा हिशेब ठेवत नाही. तो सगळ्या फाइली एकत्र बांधून निष्ठा मोजतो. पक्षातल्या मतदारांत स्पेक्टर यांच्या पद्धतीने विचार करणारे पुरेसे लोक होते तोवर निभावले. ते लोक उठून गेले आणि स्पेक्टर उघडे पडले.

फिलाडेल्फियाची वकिली

जन्म १९३०, कॅन्ससमधले विचिटा. वडील हॅरी युक्रेनमधून आलेले ज्यू, पहिल्या महायुद्धात अमेरिकेकडून लढताना जखमी झालेले, पुढे भंगाराचा धंदा करणारे. त्या युद्धातल्या सैनिकांना कबूल केलेला बोनस सरकार देईना. १९३२ मध्ये तो मागायला वॉशिंग्टनला जमलेल्या माजी सैनिकांना लष्कर घालून हुसकावण्यात आले. वडिलांचा तो बोनस वसूल करायलाच मी वॉशिंग्टनची वाट धरली, असे स्पेक्टर पुढे नेहमी सांगत. मुलगा वाढला रसेल नावाच्या छोट्या गावात. पुढे सिनेटमधले रिपब्लिकन नेते झालेले बॉब डोल यांचेही गाव तेच.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ, हवाई दलातली दोन वर्षे, येलमधून कायद्याची पदवी, आणि १९५९ पासून फिलाडेल्फियात सहायक सरकारी वकील. टीमस्टर्स या वाहतूक कामगारांच्या बलाढ्य संघटनेच्या स्थानिक शाखेतल्या पुढाऱ्यांवर निधीच्या गैरव्यवहाराचा खटला चालवून त्यांनी शिक्षा मिळवली आणि वॉशिंग्टनचे लक्ष गेले. १९६४ मध्ये केनेडींच्या हत्येची चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगावर ते कनिष्ठ वकील म्हणून रुजू झाले.

‘एकाच गोळीचा सिद्धांत’ म्हणून जे ओळखले जाते ते मुख्यतः त्यांचे काम. एका नागरिकाने घेतलेल्या चित्रफितीत केनेडी आणि गव्हर्नर कॉनली दोघे जखमी होताना दिसतात, पण त्यामधले अंतर इतके कमी आहे की मारेकरी ठरवलेल्या ऑस्वाल्डची बंदूक तेवढ्या वेळात दोनदा झाडता आली नसती. म्हणजे एक तर दुसरा मारेकरी होता, किंवा एकच गोळी केनेडींच्या मानेतून जाऊन पुढे बसलेल्या कॉनलींना लागली. स्पेक्टर यांनी जखमांची दिशा, डॉक्टरांच्या साक्षी, गाडीतल्या बैठकीची उंची हे सगळे जुळवून दुसरा निष्कर्ष काढला. अर्ध्याअधिक अमेरिकेला तो कधी पटला नाही. स्पेक्टर मात्र मरेपर्यंत तसूभरही हलले नाहीत. लोकांना काय पटते आणि पुराव्यातून काय निघते या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायची ही सवय तेव्हापासूनची.

आपल्याकडे सरकारी वकील शासन नेमते. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी जिल्ह्याचा मुख्य सरकारी वकील, म्हणजे डिस्ट्रिक्ट ॲटर्नी, निवडून यावा लागतो. त्यामुळे तो पहिल्या दिवसापासून राजकारणी असतो. १९६५ मध्ये स्पेक्टर यांना ते पद हवे होते. शहर डेमोक्रॅटिक पक्षाच्या मुठीत होते आणि ते स्वतः त्या पक्षाचे नोंदणीकृत सदस्य. पक्षाने तिकीट दिले नाही, रिपब्लिकनांनी देऊ केले. त्यांनी ते घेतले, आपलेच वरिष्ठ जेम्स क्रमलिश यांच्याविरुद्ध लढले, जिंकले आणि मग नोंदणी बदलली. क्रांतियुद्धातला फितूर सेनानी बेनेडिक्ट अर्नोल्ड याच्या नावावरून डेमोक्रॅटांनी त्यांना ‘बेनेडिक्ट आर्लन’ म्हणायला सुरुवात केली. २००९ चे पक्षांतर हे पहिले नव्हते, हे ध्यानात ठेवायला हवे. चव्वेचाळीस वर्षांनी ते मूळ घरी परतत होते, आणि दोन्ही वेळा कारण तेच होते: हवे ते पद एका दारातून मिळत नव्हते, ते दुसऱ्या दारातून मिळण्यासारखे होते.

पुढची पंधरा वर्षे बहुतेक पराभवांची. १९६७ मध्ये महापौरपद थोडक्यात हुकले. १९७३ मध्ये सरकारी वकिलाची जागाही गेली. १९७६ मध्ये सिनेटसाठी जॉन हाइन्झ यांच्याकडून, १९७८ मध्ये गव्हर्नरपदासाठी डिक थॉर्नबर्ग यांच्याकडून ते पक्षांतर्गत निवडणुकीतच हरले. १९८० मध्ये रेगन यांच्या लाटेत एकदाचे सिनेटमध्ये पोचले, तेही काठावर.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यासमोर

सिनेटमध्ये त्यांनी आपला मतदारसंघ आणि आपली वकिली दोन्ही सोबत नेली. १९८४ चा सराईत सशस्त्र गुन्हेगारांविषयीचा कायदा त्यांचाच: दरोडा किंवा घरफोडीच्या तीन शिक्षा झालेल्याकडे बंदूक सापडली तर किमान पंधरा वर्षे कैद. इथे ते पक्षाच्या कडक बाजूला होते. गर्भपाताच्या हक्कावर ते पक्षाच्या विरुद्ध बाजूला होते. दोन्ही भूमिका एकाच डोक्यातून आलेल्या होत्या, त्यामुळे पुढच्या मताचा अंदाज कोणालाच बांधता येत नसे.

१९८६ मध्ये रेगन यांनी अलाबामाच्या जेफ सेशन्स यांना न्यायाधीश म्हणून सुचवले, तेव्हा न्यायविषयक समितीत स्पेक्टर विरोधात गेले आणि ती नेमणूक तिथेच अडली. पुढच्या वर्षी रॉबर्ट बोर्क सर्वोच्च न्यायालयासाठी आले. स्पेक्टर यांनी त्यांची तासन् तास तपासणी केली: घटनाकारांच्या मूळ हेतूलाच चिकटायचे तर समान संरक्षणाचा अर्थ किती आकुंचन पावतो, भाषणस्वातंत्र्याची सीमा कुठे पडते. दूरचित्रवाणीवर चाललेला घटनेचा इतका गंभीर वर्ग अमेरिकेने क्वचितच पाहिला असेल. बोर्क ४२ विरुद्ध ५८ मतांनी पडले. विरोधात गेलेल्या सहा रिपब्लिकनांत स्पेक्टर होते, आणि पक्षाच्या उजव्या गटाने हे कधी विसरले नाही.

चारच वर्षांनी तेच कौशल्य उलट बाजूला वळले. ऑक्टोबर १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयासाठी सुचवलेल्या क्लॅरेन्स थॉमस यांच्यावर लैंगिक छळाचा आरोप करणाऱ्या अनिता हिल यांची तपासणी रिपब्लिकनांच्या वतीने स्पेक्टर यांनी केली. सकाळच्या आणि दुपारच्या उत्तरांतला फरक पकडून त्यांनी सकाळची साक्ष सरळसरळ शपथेवरचे खोटे ठरवली. थॉमस ५२ विरुद्ध ४८ मतांनी न्यायमूर्ती झाले.

मला स्पेक्टर यांच्या कारकिर्दीतला हा सर्वांत काळा भाग वाटतो. कोर्टातली उलटतपासणी कठोर असू शकते, कारण समोर दुसरा वकील असतो, हरकत घेता येते, न्यायाधीश प्रश्न थांबवू शकतो. समितीपुढे तसे काहीच नव्हते. हिल यांना आरोपीसारखे उभे करायला कोणी अडवत नव्हते, म्हणून स्पेक्टर यांनी स्वतःला अडवायला हवे होते. पेनसिल्व्हेनियातल्या अनेक स्त्रियांनाही तेच वाटले. १९९२ मध्ये राजकारणात नवख्या लिन येकल यांनी या एकाच रागावर निवडणूक लढवली आणि तीनेक टक्क्यांच्या फरकापर्यंत त्यांना आणून ठेवले. गर्भपाताच्या हक्काचा इतका जुना पाठीराखा स्त्रियांच्या मतांवरच पडता पडता वाचला.

१९९९ मध्ये क्लिंटन यांच्यावरील महाभियोगात त्यांनी स्कॉटलंडच्या कायद्यातला तिसरा निकाल बाहेर काढला: ‘सिद्ध झाले नाही’. सिनेटने साक्षीदार धडपणे तपासलेच नाहीत, मग दोषी तरी कसे म्हणू आणि निर्दोष तरी कसे, हा त्यांचा मुद्दा. नोंद ‘निर्दोष’ अशी झाली. दोन्ही पक्षांतल्या लोकांनी टिंगल केली. वकील म्हणून मुद्दा अगदी रास्त होता.

किंमत चढत जाते

२००४ मध्ये काँग्रेस सदस्य पॅट टूमी यांनी पक्षांतर्गत निवडणुकीत त्यांना आव्हान दिले. राष्ट्राध्यक्ष बुश आणि राज्यातले दुसरे सिनेटर, कट्टर उजवे रिक सँटोरम, दोघेही स्पेक्टर यांच्यामागे उभे राहिले. दहा लाखांवर मते पडली आणि स्पेक्टर सुमारे सतरा हजारांनी निसटले. नोव्हेंबरमध्ये पुन्हा निवडून आल्याबरोबर ते बोलून गेले की गर्भपाताचा हक्क उलटवू पाहणारे न्यायाधीश सिनेटमध्ये मंजूर होणे अवघड आहे. न्यायविषयक समितीचे अध्यक्षपद तोंडाशी आलेले. उजव्या संघटनांनी असा गदारोळ केला की बुश यांच्या उमेदवारांची सुनावणी तत्परतेने घेऊ असे लेखी निवेदन दिल्यावरच ते पद मिळाले.

फेब्रुवारी २००५ मध्ये हॉजकिन्स लिम्फोमाचे, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचे, निदान झाले. केमोथेरपी चालू असताना त्यांनी समितीचे काम थांबवले नाही; टक्कल पडलेले स्पेक्टर कामकाज चालवताना रोज दिसत. सर्वोच्च न्यायालयासाठी बुश यांनी सुचवलेल्या रॉबर्ट्स आणि अलिटो या दोघांच्या सुनावण्या त्यांच्याच अध्यक्षतेखाली झाल्या आणि दोघांनाही त्यांनी मत दिले.

त्यानंतरचे २००६ मधले एक मत मला सहजासहजी ओलांडून जाता येत नाही. ग्वांतानामोतल्या कैद्यांसाठी लष्करी न्यायाधिकरणे स्थापणारे विधेयक आले. त्यात या कैद्यांचा हेबियस कॉर्पसचा, म्हणजे आपल्या कैदेला न्यायालयात आव्हान देणारा, अर्ज करण्याचा हक्क काढून घेतला होता. स्पेक्टर कडाडले: यामुळे कायदा नऊशे वर्षे मागे जाईल. तो हक्क परत घालणारी दुरुस्ती त्यांनी मांडली. ती ४८ विरुद्ध ५१ मतांनी पडली. आणि मग त्यांनी मूळ विधेयकाच्या बाजूने मत दिले. न्यायालय ते दुरुस्त करील, असे त्यांचे म्हणणे. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बूमेडीन प्रकरणात पाच विरुद्ध चार मतांनी ते खरेच दुरुस्त केले. पण एक न्यायाधीश इकडचा तिकडे झाला असता तर? आणीबाणीत, १९७६ साली, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हाच हक्क निलंबित राहू शकतो असा निकाल दिला आणि एकटे न्यायमूर्ती खन्ना विरोधात उभे राहिले, हे माहीत असलेल्या मराठी वाचकाला ‘न्यायालय बघून घेईल’ या भरवशाची जोखीम वेगळी सांगायला नको. दुरुस्ती मांडेपर्यंत स्पेक्टर वकील होते. शेवटचे मत पक्षाच्या माणसाने दिले.

मतदार निघून गेले

आता २००९. पेनसिल्व्हेनियात पक्षांतर्गत प्राथमिक निवडणूक बंद पद्धतीची आहे: ज्या पक्षात नाव नोंदवले असेल त्याच पक्षाच्या प्रायमरीत मत देता येते. २००८ मध्ये ओबामा आणि हिलरी क्लिंटन यांच्या चुरशीत मत देता यावे म्हणून, आणि बुश यांच्या धोरणांना कंटाळून, राज्यातल्या दोन लाखांहून अधिक रिपब्लिकनांनी आपली नोंदणी बदलून डेमोक्रॅटिक केली. हा आकडा स्पेक्टर यांनीच आपल्या निवेदनात दिला. फिलाडेल्फियाभोवतालच्या उपनगरांतले मध्यममार्गी रिपब्लिकन, म्हणजे त्यांचा पिढीजात आधार, त्यांत मोठ्या संख्येने होते. २००४ मध्ये सतरा हजारांनी जिंकलेल्या माणसासाठी दोन लाखांचा हा आकडा म्हणजे पायाखालची जमीनच.

त्यात फेब्रुवारीत ओबामांचे ७८७ अब्ज डॉलरचे अर्थउत्तेजन विधेयक आले. सिनेटमध्ये तीनच रिपब्लिकनांनी ते उचलून धरले: मेन राज्याच्या सुझन कॉलिन्स आणि ऑलिंपिया स्नो, आणि स्पेक्टर. मंदी महामंदीत बदलू शकते हे त्यांचे कारण. त्या बदल्यात त्यांनी राष्ट्रीय आरोग्य संशोधन संस्थांसाठी, म्हणजे एनआयएचसाठी, दहा अब्ज डॉलर मिळवले. हे त्यांचे जुने वेड होते. डेमोक्रॅट टॉम हार्किन यांच्याबरोबर त्यांनी १९९८ ते २००३ या काळात एनआयएचचा निधी १३ अब्जांवरून २७ अब्जांवर, जवळपास दुप्पट नेला होता. माझ्या मते त्यांच्या तीस वर्षांतले सर्वांत टिकाऊ काम हेच. याला पुतळे उभारले जात नाहीत, पण कर्करोगावरच्या किती औषधांच्या मुळाशी हा पैसा असेल.

टूमी पुन्हा मैदानात उतरले. चाचण्यांत ते वीस टक्क्यांहून अधिक पुढे होते. स्पेक्टर यांच्यापुढे मोजकेच रस्ते होते. लढून हरणे. निवृत्त होणे. कनेटिकटचे जो लीबरमन २००६ मध्ये प्रायमरी हरल्यावर अपक्ष उभे राहून जिंकले होते, पण पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यात प्रायमरी हरलेल्याला तशी मुभा नाही. उरला चौथा रस्ता. उपराष्ट्राध्यक्ष जो बायडन अनेक महिने त्यांच्या मागे लागले होते. गव्हर्नर एड रेंडेलही. रेंडेल यांनी वकिलीची सुरुवातच स्पेक्टर यांच्या कार्यालयात सहायक म्हणून केली होती. ओबामांनी पाठिंब्याचा शब्द दिला.

आपल्याकडे १९८५ पासून पक्षांतरबंदी कायदा आहे. व्हिप मोडला किंवा एकट्याने पक्ष सोडला तर सदस्यत्व जाते. २०२२ नंतर महाराष्ट्राने त्याच्या अर्थावरून न्यायालयात आणि विधानसभेत किती रण माजले ते पाहिले आहे. अमेरिकेत असा कायदाच नाही. बोर्क, क्लिंटन, अर्थउत्तेजन, प्रत्येक वेळी पक्षाविरुद्ध मत देऊनही स्पेक्टर यांची जागा शाबूत राहिली, हे भारतीय आमदार-खासदाराला अशक्य आहे. त्यांचा हिशेब कायदा करत नाही, नोंदणीकृत मतदारांचा एक लहानसा गट दर सहा वर्षांनी करतो.

निवेदनात त्यांनी लिहिले की १९८० नंतर रिपब्लिकन पक्ष फार उजवीकडे सरकला आहे, आणि आपल्या २९ वर्षांच्या कामाचा निवाडा या पक्षाच्या प्रायमरीतल्या मतदारांच्या हाती द्यायला मी तयार नाही. दुसरे विधान प्रामाणिक होते आणि तेच घातक ठरले. पुढे ते कॅमेऱ्यासमोर आणखी स्पष्ट बोलले: पक्ष बदलल्यामुळे मला पुन्हा निवडून येता येईल.

दोन्ही घरांचा पाहुणा

ज्येष्ठता कायम राहील असे नेते हॅरी रीड यांनी सांगितले होते. आठवडाभरात डेमोक्रॅट सहकाऱ्यांनी ते नाकारले आणि २९ वर्षे सिनेटर असलेले स्पेक्टर समित्यांमध्ये सर्वांत कनिष्ठ डेमोक्रॅट झाले. न्यायविषयक समितीतले रिपब्लिकनांचे प्रमुखपद त्यांनी सोडले, तिथे आले जेफ सेशन्स. १९८६ मध्ये त्यांना अडवल्याचा आपल्याला पश्चात्ताप होतो, असे स्पेक्टर यांनी नंतर म्हटले.

देशावर मात्र या पक्षांतराचा परिणाम झाला. निवडणुकीच्या वादाचा निवाडा लागून डेमोक्रॅट अल फ्रँकन जुलैमध्ये सिनेटमध्ये आले आणि डेमोक्रॅटिक गटाची साठ मते पुरी झाली. चर्चा रोखून विधेयक मारण्याचा डाव मोडायला साठच लागतात. २४ डिसेंबर २००९ रोजी ओबामांचा आरोग्य विमा कायदा सिनेटमध्ये ६० विरुद्ध ३९ मतांनी मंजूर झाला. त्यातले एक मत कमी असते तर तो त्या दिवशी मंजूर झाला नसता. मॅसॅच्युसेट्सची पोटनिवडणूक हरून महिन्याभरात साठ मते संपलीच. लाखो विमाहीन कुटुंबांना त्या एका मताचा उपयोग झाला, आणि ते मत देणारा स्वतः केमोथेरपीतून गेलेला होता, हे मला महत्त्वाचे वाटते.

प्रायमरीत समोर होते काँग्रेस सदस्य जो सेस्टॅक, नौदलातले माजी ॲडमिरल. ओबामा, बायडन, रेंडेल, सगळे स्पेक्टर यांच्या बाजूने. सेस्टॅक यांनी एक जाहिरात चालवली. त्यात २००४ मध्ये स्पेक्टर यांची तारीफ करणारे बुश होते, आणि ‘पुन्हा निवडून येता येईल’ हे स्पेक्टर यांच्याच तोंडचे वाक्य. साक्षीदाराचे जुने विधान नव्या साक्षीसमोर धरायचे, हेच तंत्र त्यांनी आयुष्यभर वापरले होते. १८ मे २०१० रोजी ते ४६ विरुद्ध ५४ टक्क्यांनी हरले. निघून गेलेले ते दोन लाख मतदार डेमोक्रॅटिक प्रायमरीतही त्यांना पुरले नाहीत.

पक्ष सोडताना त्यांनी त्या मतदारांशी बोलायला हवे होते. तुम्ही माझ्या आधी गेलात, तुमच्याच कारणांसाठी मी येतो आहे, असे ते खरेपणाने म्हणू शकले असते, आणि अर्थउत्तेजनाच्या मताने त्याची किंमतही त्यांनी आधीच मोजली होती. त्याऐवजी त्यांनी आपल्या जागेचा हिशेब मांडला. पुराव्यावर हुकमत असलेल्या माणसाने स्वतःचीच बाजू इतकी कच्ची मांडावी, याचे वाईट वाटते.

२१ डिसेंबर २०१० रोजी सिनेटमध्ये शेवटचे बोलताना त्यांनी त्याला निरोपाचे भाषण न म्हणता खटल्यातला अंतिम युक्तिवाद म्हटले. आपल्याच पक्षातल्या सहकाऱ्यांना संपवण्याच्या वृत्तीला त्यांनी नरभक्षण म्हटले आणि त्या वर्षी पक्षातच हरलेले युटाचे बॉब बेनेट, अलास्काच्या लिसा मर्कोवस्की यांची नावे घेतली. १४ ऑक्टोबर २०१२ रोजी लिम्फोमानेच फिलाडेल्फियात त्यांचे निधन झाले.

त्यांची जागा नोव्हेंबर २०१० मध्ये सेस्टॅक यांना हरवून टूमी यांनी घेतली, ५१ विरुद्ध ४९ टक्क्यांनी. २०१३ मध्ये त्याच टूमी यांनी डेमोक्रॅट जो मँचिन यांच्यासोबत बंदूक खरेदीदारांच्या तपासणीची दुरुस्ती मांडली, जी पडली. फेब्रुवारी २०२१ मध्ये ट्रम्प यांच्या दुसऱ्या महाभियोगात दोषी ठरवण्याच्या बाजूने मत देणाऱ्या सात रिपब्लिकनांत ते होते. पेनसिल्व्हेनियातल्या त्यांच्याच पक्षाच्या अनेक जिल्हा समित्यांनी त्यांच्या निषेधाचे ठराव केले. पुन्हा उभे राहणार नसल्याचे ते आधीच सांगून मोकळे झाले होते, आणि २०२२ मध्ये ती जागा डेमोक्रॅटिक पक्षाच्या जॉन फेटरमन यांनी जिंकली.